वरचे चार

आधीच सांगून ठेवते, आत्मारामकाकांना कोणी भोळा म्हटलेलं मला चालत नाही. भोळ्या माणसाला व्हॉल्व्ह बनवता येत नाहीत. तेही पाण्याच्या नळाचे नव्हेत, तर औषधांच्या कारखान्यात ज्यातून जळजळीत आम्लं वर्षानुवर्षं जातात आणि थेंबभर बाहेर येत नाही, असे. वसई पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचे दोन गाळे होते. अकरा माणसं, तीन लेथ. मी शहाण्णव सालापासून तिथलं ऑफिस सांभाळत होते. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कपाट, पुढे आलेला एक कॉम्प्युटर आणि मी. विरारला चंदनसारहून निघायचे आणि साडेनवाच्या आत कुलूप काढायचे. एक दिवस उशीर झाला नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते निष्काळजीपणाने झालं असं कोणाला वाटायला नको.

काका उमेळ्याचे. घराणं बागायतीचं, वडिलांची पानवेल आणि केळी. काकांनी अर्धी वाडी विकून लेथ आणली तेव्हा घरात महिनाभर कोणी धड बोललं नाही म्हणे. पण धंद्याची रीत त्यांनी वाडीचीच ठेवली. त्यांच्या वडिलांचा शेकडा एकशे चारचा. शंभर पानं मोजायची आणि वर चार घालायची. गिऱ्हाइकाने "वर काय देता?" असं विचारायची पाळी येता कामा नये, त्याच्या आधी ती चार पानं टोपलीत पडलेली असली पाहिजेत. काकांनी हाच हिशेब व्हॉल्व्हला लावला.

जॉर्डनमधल्या एका औषध कंपनीची पहिली ऑर्डर नव्व्याण्णव साली आली, पन्नास नगांची. खोका बंद करायच्या वेळेला काकांनी दोन नग जास्तीचे आणून ठेवले. मी वाद घातला. म्हटलं, "काका, ही काय कोथिंबीर आहे का जुडीवर टाकायला?"

"बाय, माझ्या बापाने कधी मोजून शंभर दिले नाहीत. मी देऊ?"

या माणसाशी बोलून उपयोग नसतो हे मला तेव्हाच कळलं. पण माझाही एक स्वभाव आहे. गाळ्यातून बाहेर गेलेली वस्तू कागदावर नाही म्हणजे काय? बिलात तर ती येणार नव्हती. म्हणून डिस्पॅचच्या वहीत मी एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'वरचे'. त्याखाली २. पुढल्या खेपेला ३. मग ४. स्टोअरला सुधाकर होता, माल मोजणं, नंबर ठोकणं आणि खोका भरणं त्याचं काम. तो म्हणायचा, "मॅडम, फुकटच्या मालाला एवढी शाई कशाला?" मी म्हणायचे, तू तुझे खिळे ठोक. माझ्या त्या वहीचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. आठ वर्षांत एक खाडाखोड नव्हती.

दोन हजार पाचला नवा कायदा आला. वर्षभराने आमच्या निर्यातीच्या एजंटने फोन करून सांगितलं की तुमचा व्हॉल्व्ह सरकारच्या यादीत बसतो, आता दिल्लीच्या परवानगीशिवाय एक नग बाहेर पाठवता येणार नाही. काकांना वाटलं चुकून झालं असेल. मीच त्यांना यादी वाचून दाखवली. ज्या वस्तू औषधालाही चालतात आणि माणसं मारायच्या विषारी वायूलाही चालतात, त्यांची ती यादी होती. काका बराच वेळ हातातला व्हॉल्व्ह उलटसुलट करत राहिले.

"म्हणजे यातून विषारी वायू जाईल?"

"आम्ल जातं ना, मग वायू का नाही जाणार?"

"हो. त्याला कुठे कळतंय आतून काय चाललंय," म्हणाले. मग मला अर्ज करायला सांगितला. कुरकुर केली नाही. उलट म्हणाले, विचारतायत ते बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. हे लक्षात ठेवा. पुढे ज्यांनी त्यांना चोर ठरवलं त्यांच्यापैकी एकानेही हे वाक्य ऐकलं नव्हतं.

अर्ज करून माझे नाकी नऊ आले. माल कोणाला जाणार, तो कुठे बसवणार, कशासाठी वापरणार, पुढे कोणाला विकणार नाही याचं गिऱ्हाइकाकडून सहीशिक्क्याचं पत्र. प्रत्येक व्हॉल्व्हवर नंबर, प्रत्येक नंबराला चाचणीचा दाखला. सात महिने लागले. तोवर गाळ्यात दुसरं काम जेमतेम होतं, कारण आमचा बाराआणे माल जॉर्डनलाच जायचा. दोन हजार सातच्या जानेवारीत परवानगी आली. तिच्यावर स्पष्ट आकडा होता, नग शंभर. काकांनी बर्फी मागवली. सुधाकरने शंभर व्हॉल्व्हवर नंबर ठोकले, कागदात गुंडाळले, खोक्यात रचले. आणि काकांनी वर चार आणून ठेवले.

मला आठवलं नाही का? हा प्रश्न मला माझ्या नवऱ्याने विचारला, भावाने विचारला, पुढे चौकशीला आलेल्या साहेबाने तर तीनदा विचारला. खरं उत्तर देते. मला ते चार जास्तीचे आहेत असं वाटायचंच बंद झालं होतं. आठ वर्षं मी रकाना भरत होते. त्या दिवशीही भरला. परवानगीचा कागद डाव्या हाताला होता, त्यावर शंभर लिहिलेलं होतं, आणि मी उजव्या हाताने लिहिलं, वरचे ४. माझ्या डोक्यात शंभर म्हणजे ते चार धरूनच शंभर. याला काय म्हणायचं ते म्हणा.

बंदरात कस्टमवाल्यांनी खोका उघडला. दहातला एखादा उघडतात, तो आमचा निघाला. मोजले तर एकशे चार. त्यातल्या चारांवर नंबर नव्हता, कारण नंबर बिलातल्या नगांनाच ठोकायचे असतात.

आठवड्याच्या आत गाळ्यात परवानगी देणाऱ्या खात्याचा एक अधिकारी आला, बरोबर दोन माणसं. हर्षवर्धन नाव, तिशीचा, आपलाच मराठी मुलगा. आवाज चढवला नाही, काकांना काका म्हणाला, चहा घेतला. मला तर हायसंच वाटलं.

"काका, चार नग जास्त कसे गेले?"

काका हसले. "जास्त नाहीत, वरचे आहेत. शेकड्याला चार."

"बिलात नाहीत."

"वरच्याचं बिल करतात होय?"

त्याने मोजताना चूक झाली का असं विचारलं. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, त्या पोराने दार उघडून दिलं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. सुधाकर तर पुढे सरसावलाही होता, म्हणाला, साहेब, माझ्याच हातून... पण काकांनी त्याला गप्प केलं. आपल्या माणसाच्या मोजणीवर बोट आलेलं त्यांना सहन झालं नाही. म्हणाले, "याची मोजणी चुकत नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून देतोय, लपवाछपवी नाही. बाय, वही दाखव साहेबांना."

आणि मी उठले. मला कोणी ढकललं नाही. कपाट उघडलं, वही काढली, पदराने पुसली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. मनात काय होतं सांगू? बघ म्हणावं, किती चोख काम आहे आमचं. चोर कधी वही ठेवतो का?

तो पानं उलटत गेला. चहा तसाच राहिला. मग बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे वरचे म्हणजे कोण?"

"कोण नाही साहेब, काय ते विचारा," मी म्हटलं. सगळं समजावलं, पानवेल, शेकडा, टोपली. त्याला समजलं. खरंच समजलं, त्याची आजी बाजारात तशीच भाजी घ्यायची म्हणाला. पण त्याचा अहवाल जायचा होता हिंदी बोलणाऱ्या वरिष्ठाकडे, आणि तिथे वहीचं भाषांतर झालं तेव्हा माझ्या रकान्याचं नाव पडलं, 'ऊपरवाले'. म्हणजे वर बसलेला कोणी तरी आहे आणि दर खेपेला त्याच्या वाट्याचा माल बिलाबाहेर जातोय. तो कोण, हे विचारायला काकांना दोनदा मुंबईला बोलावलं. साठी उलटलेला माणूस बाकावर चार-चार तास बसून यायचा. दुसऱ्यांदा आले तेव्हा मला म्हणाले, "बाय, ते विचारतात वरचा कोण. मी म्हटलं, माझा बाप. तर लिहून घेतलं त्यांनी."

मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

या वेळचे चार सोडून आधीच्या खेपांची बेरीज सत्तावन्न आली. हर्षवर्धनने ते मला फोनवर नीट सांगितलं. परवानगीची अट लागू व्हायच्या आधीचे सत्तावन्न हा गुन्हा नाही. गुन्हा फक्त या चारांचा. "पण वही नसती तर ती मोजणीतली चूक ठरली असती, मॅडम. दंड होऊन सुटला असतात. आता ती चूक म्हणता येत नाही. तुम्ही ठरवून पाठवलेत आणि तसं लिहूनही ठेवलंत."

 म्हणजे वहीने मारलं. माझ्या अक्षराने मारलं. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही, आणि का केला नाही हेही घरात सांगितलं नाही.

पण त्यानेच एक वाट दाखवली. परवानगी तात्पुरती रोखली होती, रद्द केली नव्हती. तीस दिवसांत जॉर्डनच्या कंपनीकडून पत्र आणा, की आधीचे सत्तावन्न व्हॉल्व्ह आम्हाला मिळाले, ते आमच्याच कारखान्यात बसवले आहेत, अमुक ठिकाणी आहेत. एवढं आलं तर मी लिहीन की माल भलत्या हातात गेलेला नाही, ही यांची जुनी रीत आहे, समज देऊन सोडावं. पत्र आलं नाही तर परवानगी कायमची जाईल. कायमची जाणं म्हणजे गाळ्याला कुलूप, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी त्याच दुपारी पत्र पाठवलं. ईमेल केला आणि वर फॅक्सही. काका एकदम निर्धास्त झाले. "ते काय सांगणार? वापरले म्हणतील. बघ तू, आभारसुद्धा मानतील." मला कधीपासून एक गोष्ट टोचत होती, ती मी बोलले नाही. आठ वर्षांत त्या लोकांनी वरच्या मालाबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. ना आभार, ना विचारणा. आपण शेजारणीकडे वाटीभर आमटी पाठवली तरी ती वाटी परत देताना चार शब्द बोलते. पण म्हटलं असेल, परदेशी माणसं, त्यांची रीत वेगळी.

बाविसाव्या दिवशी उत्तर आलं. फॅक्सच्या मशीनमधून कागद बाहेर येत होता आणि मी उभ्या उभ्या वाचत होते. त्यांच्या तपासणी खात्याच्या प्रमुखाने लिहिलं होतं, अगदी सभ्य भाषेत. तुमच्या प्रत्येक खोक्यात काही व्हॉल्व्ह नंबराशिवाय आणि दाखल्याशिवाय सापडत आले आहेत. अशी वस्तू बसवायला आमच्या नियमात मनाई आहे. आम्ही ती तुमच्या मोजणीतली चूक समजलो. ते नग वेळोवेळी इतर टाकाऊ धातूबरोबर भंगारात विकले गेले. घेणाऱ्याची नोंद उपलब्ध नाही. आणि शेवटी, यापुढे कृपया माल नीट मोजून पाठवावा.

मी ते दोनदा वाचलं. मग सुधाकरला आत बोलावून मराठीत वाचून दाखवलं. तो म्हणाला, "फाडा."

"फाडू?"

"अजून आठ दिवस आहेत. उत्तरच आलं नाही म्हणा. दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून मागवू. एकदा खरं दाखवून बघितलंत ना, मॅडम?"

त्याचं काही चुकत नव्हतं. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली होती, हेही कबूल करते. पण काका दारात उभे होते. फॅक्सचा आवाज त्यांनी ऐकला होता. हात पुढे केला. इंग्रजी त्यांना कामापुरतं यायचं. पहिल्या ओळी भराभर वाचल्या, मग एका जागी अडकले आणि कागद माझ्यापुढे धरला.

"हा शब्द काय?"

"भंगार," मी म्हटलं.

ते स्टुलावर बसले. त्यांच्या हातचा एकेक व्हॉल्व्ह मी बघितलेला आहे. आतला पृष्ठभाग ते करंगळी फिरवून तपासायचे आणि मनाला येईपर्यंत घासायचे. वरचे चार तर मुद्दाम निवडून घालायचे, सर्वात उजवे. वडील पानं तशीच घालायचे म्हणे, वरची पानं सगळ्यात कोवळी. त्यातले सत्तावन्न कुठल्या तरी भंगारवाल्याच्या तराजूत गेले होते. मला इतका राग आला की त्या प्रमुखाचं नाव घेऊन मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

काकांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "त्या साहेबाला दे."

"वेड लागलंय का काका? हे दिलं तर संपलंच. माल कुठे गेला कोणालाच माहीत नाही, असं आपल्या हाताने लिहून देताय त्यांना?"

"तेच तर. कोणालाच माहीत नाही."

"नाही ना? मग राहू दे ना तसंच."

"बाय, ते सत्तावन्न नग कुठे बसलेत? औषधाला बसलेत की त्या दुसऱ्या कशाला? भंगारवाला काय विचारून विकतो?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या हातचा व्हॉल्व्ह आहे. वीस वर्षं गळायचा नाही. आपण शोधू शकत नाही. सरकार शोधू शकतं. त्यांना कळायला तरी पाहिजे."

मी खूप भांडले. अकरा घरांचं काय ते विचारलं. सुधाकरच्या मुलीच्या कॉलेजचं विचारलं. मलनकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला फोन लावून दिला, की तुम्ही तरी समजवा. काकू म्हणाल्या, वाडी विकली तेव्हा माझं ऐकलं नाही, आता काय ऐकणार. शेवटी काका म्हणाले, तू नेत नसशील तर मी नेतो. मग मी नेलं. एकट्याला त्या बाकावर परत बसू देणार नव्हते.

हर्षवर्धनने पत्र वाचलं आणि डोळे चोळले. म्हणाला, "मॅडम, उत्तर आलं नाही एवढंच म्हणाला असतात तर मी मुदत वाढवून दिली असती." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. हे आधी फोनवर सांगता आलं नसतं त्याला?

दीड महिन्याने हुकूम आला. परवानगी रद्द, पुढे कधीही अर्ज करता येणार नाही. कारणांमध्ये तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं की कंपनीने स्वतःच मान्य केल्यानुसार पूर्वीच्या मालाचा ठावठिकाणा अज्ञात आहे. दिवाळीपर्यंत कसंबसं रेटलं. मग एकेक लेथ गेली. सुधाकर भिवंडीला एका गोदामात लागला. मी नालासोपाऱ्याला एका डॉक्टरकडे बसते आता, नंबर पुकारायला. काका उरलेल्या वाडीत.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये मला जप्त कागद परत न्यायला बोलावलं. मुंबईतल्या त्याच ऑफिसात तोच बाक. हर्षवर्धनने गठ्ठा दिला, सही घेतली. मी निघताना विचारलं, "मग, मिळाले का?"

"काय?"

"सत्तावन्न व्हॉल्व्ह."

 त्याला खरंच कळेना मी काय विचारतेय. मग म्हणाला, "ते देशाबाहेर आहेत ना, मॅडम. ते काम आमच्याकडे येत नाही."

"मग ज्यांच्याकडे येतं त्यांना कळवलंत?"

"पत्र फाइलला लावलंय."

"आणि फाइल?"

"फाइल तुमच्या कंपनीची होती. कंपनीवर कारवाई झाली, फाइल बंद झाली." आणि वर म्हणाला, "काकांना नमस्कार सांगा."

मी गठ्ठा काखेत मारला. जिना उतरले, तशीच वसईला आणि वसईहून उमेळ्याला गेले. काका केळीच्या बुडख्याशी वाळलेली पानं कापत होते. मला बघून कोयता खाली ठेवला, हात धुतले आणि मी पाणी प्यायच्या आधी विचारलं, "शोधलं का त्यांनी?"

सांगू की नको असा विचार मी रस्ताभर केला होता. पण त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती.

"नाही काका. कोणी शोधलेच नाहीत. पत्र फाइलला लावून ठेवलंय."

 त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं, जणू मीच तो हुकूम काढला होता.

"मग माझा कारखाना कशासाठी बंद केला?"